थेंब अजून पडतोय : ॲरिझोनातल्या कार्टनर गुहेच्या दोन टूर

ॲरिझोनाच्या सहलीत ग्रँड कॅन्यन ठरलेला असतो, सेडोना असतं, दिवस हाताशी असला तर अँटिलोप कॅन्यन. टूसॉनहून गाडीने तासाभरावर असलेलं कार्टनर कॅव्हर्न्स स्टेट पार्क मात्र बहुतेक मराठी मंडळींच्या यादीत नसतं. आत फोन नेता येत नाही, त्यामुळे इथले फोटो कुणाच्या स्टेटसवर दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही ते सुचतही नाही. यादीत हे नाव घालाच, असं मनापासून सांगावंसं वाटतं.

आधी निकाल. गुहेत वेगवेगळ्या दालनांच्या दोन टूर असतात. रोटुंडा-थ्रोन टूरला पाचपैकी साडेचार, बिग रूम टूरला पाचपैकी पाच. अर्धा गुण कुठे गेला ते पुढे येईलच. पण गुणांपेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की इथले नियम पहिल्यांदा जाचक वाटतात. फोन नाही, बॅग नाही, पाण्याची बाटलीसुद्धा नाही, आत शिरताना अंगावर तुषार, आणि कशालाही बोट लावायचं नाही. यातला एकही नियम उगाच केलेला नाही. प्रत्येकाच्या मुळाशी छताला लोंबणारा पाण्याचा थेंब आहे. तो थेंब समजला की टूर दुपटीने आवडते, म्हणून आधी थोडं त्याच्याविषयी.

गुहा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर लेणी येतात. अजिंठा, वेरूळ, कार्ले ही माणसाने छिन्नीने कोरलेली, आणि कोरलेली बसाल्टमध्ये. बसाल्ट म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा कातळ. पावसाच्या पाण्यात तो सहजी विरघळत नाही, म्हणून सह्याद्रीत लेणी आहेत पण पाण्याने आतून पोखरून पुन्हा आतूनच सजवलेल्या गुहा नाहीत. त्यासाठी चुनखडक लागतो. कार्टनरचा खडक ‘एस्काब्रोसा’ नावाचा चुनखडक आहे, सुमारे ३३ कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी शंखशिंपले आणि सागरी जीवांच्या सांगाड्यांपासून साचलेला. म्हणजे आपल्या दख्खनच्या कातळाच्या पाचपट जुना. पुढे हा भाग उचलला गेला, भेगाळला. व्हेटस्टोन डोंगरांच्या पूर्वेकडच्या पायथ्याशी त्याचा एक ठोकळा खाली खचला. भूजलाने त्या ठोकळ्यातल्या भेगा हळूहळू रुंद केल्या, नंतर पाण्याची पातळी खाली गेली आणि पोकळीत हवा शिरली. सजावट त्यानंतर सुरू झाली.

ही सजावट कशी होते ते समजायला शाळेतला चुन्याच्या निवळीचा प्रयोग आठवावा. निवळीत नळीने फुंकलं की ती दुधाळ होते, कारण आपल्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शियम कार्बोनेटचे कण तयार होतात. बहुतेक वर्गांत प्रयोग इथेच थांबतो. फुंकत राहिलं तर दुधाळपणा जातो आणि पाणी परत नितळ होतं, कारण जास्तीच्या कार्बन डायऑक्साइडने तेच कण विरघळवून टाकलेले असतात. आता ते नितळ पाणी तापवा. वायू निघून जातो आणि पाणी पुन्हा गढुळतं.

गुहा हाच प्रयोग लाखो वर्षं करते आहे, तापवण्याची पायरी सोडून. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना तिथला कार्बन डायऑक्साइड शोषतं. झाडांची मुळं आणि सूक्ष्मजीव यांच्यामुळे मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट असतो. असं आम्लधर्मी झालेलं पाणी चुनखडक विरघळवत खाली उतरतं, गुहेच्या छताला थेंब बनून लोंबतं. गुहेच्या हवेत हा वायू मातीपेक्षा कमी, म्हणून थेंबातून तो बाहेर पडतो. वायू गेला की चुना पाण्यात राहू शकत नाही. थेंबाच्या कडेला कॅल्साइटचं, म्हणजे स्फटिक झालेल्या कॅल्शियम कार्बोनेटचं, एक सूक्ष्म कडं उरतं. थेंब पडतो, दुसरा येतो.

इथे एक समज हमखास चुकतो. बोअरचं पाणी वाळलं की नळाच्या तोंडाशी पांढरा खर धरतो, तसंच गुहेत पाणी वाळून चुना उरत असेल, असं वाटतं. पण कार्टनरच्या आत आर्द्रता ९९ टक्के असते. तिथे पाणी जवळजवळ वाळतच नाही. चुना बसतो तो वायू निघून गेल्यामुळे. पाणी खरोखर वाळायला लागलं तर या कॅल्साइटपासून बनणाऱ्या स्तंभांची वाढ बिघडते, पृष्ठभाग खरखरीत, मातकट होतो, आणि शेवटी वाढ थांबते. पाणी येतंय, थेंब पडतोय, कॅल्साइट बसतंय ती गुहा जिवंत. पाणी आटलं की मेलेली. मेलेल्या गुहेतही आकार असतात, मोठे आणि देखणे असतात, पण त्यांच्यावर धूळ खाल्लेल्या शाडूसारखी निस्तेज कळा येते. जिवंत स्तंभ दिव्याखाली ओल्या मेणासारखा चमकतो आणि टोकाशी थेंब असतो.

आणि ही ओली गुहा आहे वाळवंटात. मे-जूनमध्ये बाहेर ओठ फुटतील इतकी कोरडी हवा, आत ९९ टक्के दमटपणा आणि सुमारे २२ अंश सेल्सियस तापमान. मध्ये आहे तो फक्त खडक आणि माणसाने बसवलेली दारं. गुहा लोकांना खुली करण्याआधी काही वर्षं आतलं तापमान, बाष्पीभवन, थेंबांचं प्रमाण सगळं मोजलं गेलं, आणि ‘गुहा वाळणं’ हाच सर्वांत मोठा धोका ठरला. सुमारे २.८ कोटी डॉलर खर्चून जे उभं राहिलं, त्यातला मोठा भाग या एका धोक्याशी झुंजतो.

टूर सुरू होते ती डिस्कव्हरी सेंटरच्या इमारतीतून. तिथून एक उघडी ट्राम डोंगराच्या पायथ्याशी नेते. पुढे बोगदा, आणि बोगद्यात एकामागून एक जड पोलादी दारं. मागचं दार पूर्ण बंद झाल्याशिवाय पुढचं उघडत नाही. बँकेच्या तिजोरीसारखा हा थाट वाटतो, पण राखायची असते ती आतली हवा. एक गट आत जाताना दोन्ही दारं एकदम उघडी राहिली तर वाळवंटी हवेचा झोत थेट आत शिरेल. दारांच्या मधल्या टप्प्यात वरून बारीक तुषार उडतात. कपडे भिजत नाहीत, ओलसर होतात. त्याने कपड्यांचे सुटे तंतू, केस, त्वचेचे कण अंगालाच चिकटून राहतात, गुहेत उडत नाहीत. हा तंतूंचा प्रश्न किरकोळ नाही. जगभरातल्या लोकप्रिय गुहांमध्ये वाटेच्या दोन्ही अंगांना राखाडी लव साचलेली सापडते. ती बुरशीला खाद्य पुरवते, आणि ओल्या स्तंभावर पडली तर पुढच्या कॅल्साइटच्या थराखाली कायमची चिणली जाते. पांढरा स्तंभ आतूनच मळतो.

वाट सिमेंटची, दोन्ही बाजूंना हातभर नव्हे तरी चांगला उठून दिसणारा कठडा. तोही तंतू आणि बुटांची माती अडवायला आहे. वाट धुतली जाते आणि ते मळकं पाणी गुहेच्या चिखलात न जाता वेगळं गोळा होतं. हातकठडे पोलादी आहेत, त्यांना हात लावायला हरकत नाही, आणि उतारावर लावावाच, कारण वाट ओली असते. पण खडकाला चुकून बोट लागलं तर गाइडला लगेच सांगा. रागावत नाहीत. ती जागा खूण करून ठेवतात आणि नंतर स्वच्छ केली जाते. बोटांवरचा तेलकटपणा स्तंभावर राहिला की पाणी तिथे नीट पसरत नाही, नवा थर धरत नाही आणि जागा काळवंडत जाते. आपल्याकडच्या देवळांत खांबांचे कोपरे हात लागून लागून काळे-गुळगुळीत होतात, तेच इथे होईल. फरक इतकाच की खांब घडवणारा कारागीर पुन्हा मिळू शकतो.

दिवे गट पुढे सरकेल तसे लागतात आणि मागे विझतात. प्रकाश जास्त वेळ राहिला तर दिव्याभोवती हिरवं शेवाळ धरतं. हे कुठल्याही गुहेची पारख करायला उपयोगी आहे. भारतात किंवा कुठेही गुहा बघताना दिव्यांच्या आसपास हिरवा डाग आहे का, ते बघा. डाग असेल तर दिवे गरजेपेक्षा जास्त वेळ जळतात.

रोटुंडा-थ्रोन टूर वर्षभर चालते. सगळा मिळून वेळ सुमारे दीड तास. पहिलं दालन रोटुंडा, आणि इथे सर्वांत आधी वर नाही, खाली बघा. चिखलाचं सपाट मैदान पसरलंय आणि त्यातून एकच पाऊलवाट जाते. ही गुहा शोधणाऱ्या गॅरी टेनेन आणि रँडी टफ्ट्स यांची ती वाट. नोव्हेंबर १९७४ मध्ये या दोघांना डोंगरातल्या एका खळग्यातून उबदार, दमट, वटवाघळांच्या वासाची हवा येताना जाणवली. आतलं भोक पपनसाएवढं. ते रुंद करून, सरपटत ते आत गेले, आणि पहिल्याच दिवसापासून एकाच वाटेने चालायचं त्यांनी ठरवलं, म्हणजे उरलेला चिखल अबाधित राहील. मग ही गोष्ट त्यांनी वर्षानुवर्षं गुप्त ठेवली. जमीन कार्टनर कुटुंबाची. त्यांना १९७८ मध्ये विश्वासात घेतलं. १९८८ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने जमीन घ्यायचा कायदा केला तोवर फार थोड्यांना ठाऊक होतं. दारं उघडली नोव्हेंबर १९९९ मध्ये. गुहेच्या शोधानंतर टफ्ट्स गुरूच्या युरोपा या चंद्रावरच्या बर्फाच्या भेगांचे अभ्यासक झाले. भेगांची ओढ तीच.

थ्रोन रूममध्ये दोन गोष्टींसाठी डोळे राखून ठेवा.

एक म्हणजे नळी. छताला पेनच्या रिफिलपेक्षा थोडीच जाड, आतून पोकळ, सरळसोट खाली आलेली कॅल्साइटची नळी. लांबी २१ फुटांहून जास्त, म्हणजे दोन मजली घराच्या उंचीइतकी. जाडी पाव इंचाच्या आसपास. असल्या नळ्यांची जाडी जगभर जवळपास सारखी असते, कारण ती ठरवतो लोंबणारा थेंब. पाणी नळीच्या आतून उतरतं, टोकाशी थेंब फुगतो, थेंबाच्या परिघावर कड्यासारखा चुना बसतो, कडं थेंबाएवढंच. कड्याखाली कडं लागत जातं आणि नळी लांबते. आत मातीचा कण किंवा स्फटिक अडकून तोंड बुजलं तर पाणी बाहेरून ओघळायला लागतं, मग तीच नळी गाजरासारखी जाड होत जाते. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला ‘अधोमुखी लवणस्तंभ’ तो हा. (नावात लवण असलं तरी खाण्याच्या मिठाशी त्याचा काही संबंध नाही.) बहुतेक अधोमुखी स्तंभांच्या पोटात अशी एक जुनी नळी असते. २१ फूट नळी न बुजता आणि न तुटता राहिली, याचा अर्थ इतकी वर्षं इथे पाणी संथ, स्वच्छ आणि सातत्याने येत होतं, आणि हवा जवळजवळ हललीच नाही.

वय किती, हा प्रश्न गटातलं कुणीतरी विचारतंच. वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा असं ढोबळ माप पुस्तकांत असतं, पण त्याने लांबीला भागून वय काढू नये. नळी स्तंभापेक्षा लवकर वाढते. दुष्काळी शतकांत वाढ थांबते, पाऊस परतला की सुरू होते. नेमकं वय काढायचं तर कॅल्साइटमध्ये अडकलेल्या युरेनियमचं थोरियम किती झालं ते प्रयोगशाळेत मोजावं लागतं. गाइड सरळ आकडा न देता ‘अवलंबून आहे’ म्हणाले तर ते योग्यच उत्तर आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘कुबला खान’ हा स्तंभ. उंची ५८ फूट, ॲरिझोनातला सर्वांत उंच. वरून उतरलेला आणि खालून चढलेला स्तंभ कधीतरी भेटले आणि एक झाले. त्याच्या अंगावरून ओघळलेल्या कॅल्साइटच्या झालरींचे रंग नीट बघा. शुद्ध कॅल्साइट पांढरा. लोहाचे अंश आले की केशरी, विटकरी, तांबूस. जिथे उतरत्या छतावरून थेंब एकाच मार्गाने घरंगळत राहिला, तिथे पातळ पडदा तयार होतो, आणि वर्षानुवर्षं पाण्यातलं लोह कमीजास्त झालं तसे त्यात आडवे पट्टे उमटतात. मागून दिवा लावला की काठ-पदराची पातळ साडी उन्हात धरावी तसा तो पडदा आरपार उजळतो.

अर्धा गुण कापला तो इथे. कुबला खानसमोर गटाला बसवून दिव्यांचा आणि संगीताचा छोटा खेळ दाखवतात. दिव्यांबद्दल तक्रार नाही, एकेक भाग उजळत जातो तेव्हा एरवी सुटून जाणारे थर दिसतात. पण संगीत नको होतं. इतक्या मोठ्या दालनात सर्वांत ऐकण्यासारखा आवाज थेंबाचा आहे. कुठे साचलेल्या पाण्यात पडतो तेव्हा स्वच्छ ‘टप्’, ओल्या चिखलात पडतो तेव्हा दबका, दगडावर पडतो तेव्हा करकरीत. तीन मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून तेवढंच ऐकावं, यासारखा दुसरा समारोप नाही. संगीत सुरू व्हायच्या आधी गट जागेवर बसेपर्यंत एखादं मिनिट मिळतं. ते बोलण्यात घालवू नका.

बिग रूम टूर साधारण १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिल एवढीच चालते. उन्हाळ्यात हा भाग वटवाघळांचा. केव्ह मायोटिस जातीच्या हजाराहून जास्त माद्या एप्रिलअखेरीस येतात, प्रत्येक मादी एकच पिल्लू देते, पिल्लं उडायला लागली की सप्टेंबरच्या सुमारास सगळी निघून जातात. बाळंतपणात गडबड झाली तर मादी पिल्लाला टाकते, म्हणून माणसांना तेवढे महिने पूर्ण मज्जाव. शिवाय बाहेरून या गुहेत अन्न आणणारी मुख्य वाट म्हणजे हीच वटवाघळं. त्यांच्या विष्ठेवर बुरशी, बुरशीवर किडे, किड्यांवर कोळी अशी सगळी उतरंड उभी आहे. टूरमध्ये विष्ठेचे ढीग दाखवतात तेव्हा नाक मुरडू नका, गुहेची चूल तिथेच पेटते.

मराठी घरांची अडचण नेमकी याच वेळापत्रकाची आहे. आई-वडील भारतातून येतात ते बहुधा एप्रिल-मेमध्ये आणि परततात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, म्हणजे बिग रूम बरोब्बर बंद असतानाच. त्यांना दोन्ही टूर दाखवायच्या तर दिवाळीनंतर किंवा डिसेंबरच्या सुट्टीत बेत आखा. तिकिटं एका दिवसाची, दोन वेगळ्या वेळांची काढता येतात. सकाळी बिग रूम, जेवण, दुपारी रोटुंडा-थ्रोन हा क्रम उलट क्रमापेक्षा कमी दमवतो, कारण बिग रूमला वेळ थोडा जास्त लागतो.

बिग रूमला पाचपैकी पाच का? गट लहान असतो, खेळ-संगीत नाही, आणि दुर्मीळ आकार हाताच्या अंतरावर येतात. हेलिक्टाइट ही गुरुत्वाकर्षणाला न जुमानता वाकडीतिकडी, आडवी, वर वळलेली बोटं. पाणी इतक्या सूक्ष्म नळीतून झिरपतं की थेंबच बनत नाही, म्हणून त्याला ‘खाली’ ही दिशा उरत नाही. मग ‘शील्ड’, म्हणजे ढाल. छतातल्या बारीक फटीतून पाणी दाबाने बाहेर येतं, फटीच्या दोन्ही ओठांवर चुना बसतो, दोन समांतर तबकड्या गोल वाढत जातात आणि त्यांच्यामध्ये कागदाएवढी फट शिल्लक राहते. ढालीच्या खालच्या कडेने झालर लोंबते. या गुहेत सलगमाच्या कंदासारखी फुगीर ढालही आहे, तिला तिथे ‘टर्निप शील्ड’ म्हणतात. स्ट्रॉबेरी रूमचा लाल रंग लोहाचा. ही टूर सात वर्षांखालच्या मुलांना घेत नाही, आणि ते बरंच आहे. इतका वेळ हात मागे बांधून चालणं लहानग्यांना जमत नाही आणि पालकांचं सगळं लक्ष त्यांच्या बोटांवर राहतं.

आता जाण्याविषयी. इंटरस्टेट १० वरून ३०२ क्रमांकाचं एक्झिट, तिथून स्टेट रूट ९० ने दक्षिणेला सुमारे ९ मैल. फीनिक्सहून अडीच तास धरा. तिकीट ॲरिझोना स्टेट पार्क्सच्या संकेतस्थळावर किंवा फोनवर आधीच काढा. प्रौढांचं तिकीट २० डॉलरच्या वर असतं, मुलांना कमी. दारात जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका, हिवाळ्यातल्या शनिवार-रविवारी तर नाहीच. गट ठरलेल्या वेळी दारातून आत गेला की मागून सोडता येत नाही, कारण परत तीच दारांची साखळी उघडावी लागते.

वेळेचा घोळ इथे बऱ्याच जणांचा होतो. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. कॅलिफोर्नियाहून येत असाल तर उन्हाळ्यात वेळ तीच, हिवाळ्यात ॲरिझोना एक तास पुढे. न्यू मेक्सिकोहून येत असाल तर हिवाळ्यात वेळ तीच, उन्हाळ्यात ॲरिझोना एक तास मागे. फोनवर विसंबून चालतं, गाडीतल्या घड्याळावर नाही. सुरू होण्याच्या निदान तासभर आधी पोहोचा. पाऊण तास डिस्कव्हरी सेंटरमधल्या प्रदर्शनात सहज जातो, आणि ते टूरच्या आधीच बघितलं तर आत काय शोधायचं ते कळतं. गुहा शोधताना सरपटावं लागलेल्या अरुंद फटीची प्रतिकृतीही तिथे आहे, मुलांना ती फार आवडते.

कपडे: बाहेर जानेवारीची थंडी असली तरी आत दमट उकाडा. एकावर एक चढवा आणि वरचा थर गाडीत ठेवून जा. स्वेटर, शाल, लोकरी टोपी आत नकोच, त्यांचेच तंतू सर्वांत जास्त सुटतात. चश्मा पहिली पाच मिनिटं धुरकटतो, तो पुसायला खिशात सुती रुमाल असू द्या. बुटांचे तळ पकड असलेले हवेत, चपला नकोत. आधी दुसऱ्या एखाद्या गुहेत वापरलेले कपडे-बूट इथे घालू नका. २००६ पासून अमेरिकेत वटवाघळांना ‘व्हाइट नोज सिंड्रोम’ नावाच्या बुरशीच्या आजाराने ग्रासलंय, आणि ती बुरशी बुटांवरून एका गुहेतून दुसऱ्या गुहेत जाऊ शकते.

ज्येष्ठांसाठी: वाटेवर पायऱ्यांऐवजी उतार-चढ आहेत, चाकाची खुर्ची जाते, मात्र तिच्या रुंदीला मर्यादा आहे. मुलांच्या स्ट्रोलरला परवानगी नाही. गुडघे दुखत असतील किंवा काठी, वॉकर लागत असेल तर तिकीट काढतानाच फोन करून विचारा. मध्येच परत फिरणं सोपं नाही. ज्यांना बंद जागेची भीती वाटते त्यांना दालनांमध्ये त्रास होत नाही, ती प्रशस्त आहेत. घुसमट वाटली तर ती बोगद्यात, दोन दारांच्या मध्ये मिनिटभर. दम्याच्या रुग्णांनी दमटपणाचा विचार करावा. औषधाचा पंप आत न्यायचा असेल तर आधी सांगून ठेवा. पाणी बाहेरच पिऊन घ्या, आत खाणं, पिणं, च्युइंगम काही चालत नाही.

मेक्सिकोची सीमा जवळ असल्याने या भागातल्या रस्त्यांवर सीमा पोलिसांच्या चौक्या लागू शकतात. पाहुण्या आई-वडिलांचे पासपोर्ट हॉटेलात ठेवून निघू नका. आणि दुपारचं उन्ह असताना पर्स, फोन, औषधं गाडीच्या सीटवर टाकू नयेत, डिकीत ठेवा.

फोटोची हौस असलेल्यांसाठी पार्क वर्षातून मोजक्या वेळा खास छायाचित्रणाची टूर ठेवतं, ती लवकर भरते. एरवी कॅमेऱ्यावाचूनच जायचं असतं. त्याचा फायदा असा की वीस माणसांच्या गटात एकही स्क्रीन उजळत नाही आणि डोळे मंद प्रकाशाला सरावतात. गट सरकायच्या आत वाटेजवळची एखादी छोटी नळी निवडा. तिच्या टोकाशी थेंब फुगत असतो, दिव्याचा ठिपका त्यात उलटा दिसतो. नळी कोरडी नसेल पण थेंब पडायला फार वेळ लागत असेल तर दुसरी निवडू नका, तिथेच थांबा. गटाच्या मागे चालणारे दुसरे गाइड ‘चला’ म्हणेपर्यंत तेवढा वेळ बहुतेक वेळा मिळतो.